मुदतबाह्य

वॉरंटी संपली त्या दिवशी काहीच झालं नाही.
गाडी चेंबूरहून सायनला गेली,
संध्याकाळी परत आली,
कुंपणाला चिकटून उभी राहिली
डावा आरसा मिटून, कारण शेजारी गोगट्यांची स्कूटर.

एवढंच, की शोरूमचा मुलगा
वाढदिवसाला फोन करायचा थांबला.
माझ्या नव्हे. गाडीच्या.

दोन वर्षांनी त्यानेच
टॅबवर बोट फिरवत यादी वाचली:
स्टिअरिंगचा रॅक, सस्पेन्शन, एसीचा कॉम्प्रेसर,
"एवढ्यात तर नवीचं डाउन पेमेंट होईल, मॅडम."
मी विचारलं, आवाज कुठून येतोय ते ऐकलंस का?
तो म्हणाला, मशीन सांगतं.

तेव्हापासून पास्कल.
कालिन्यात, क्रुसाच्या मागच्या गल्लीत,
दोन गाड्यांची जागा आणि तीन गाड्या.
तो आधी आत बसत नाही.
मला हळू चालवायला लावतो, स्वतः बाजूने चालतो
मान वाकडी करून,
स्थळ बघायला आलेल्या खवट मामासारखा.
"रॅक नाय बाय, बुश हाय. चारशे रुपये.
कुर्ल्याला मीच जातो. तुला बघून ते नऊशे सांगतील."

वही ठेवली. लॅबमधली सवय:
तारीख, किलोमीटर, काय बदललं, जुन्याचं काय केलं.

४१,२०० – बॅटरी. जुनी देऊन सातशे परत.
५८,०३० – गांधी मार्केटसमोर पाण्यात घातली. चूक माझी.
६२,४०० – क्लच प्लेट. सुधन्वाला विमानतळावर सोडून
परतताना गेली. जाताना गेली नाही, हेही लिहून ठेवते.
७९,९९० – वास. पेट्रोलचा नव्हे. उंदीर.

गोगटे म्हणतात, पांढरा हत्ती पाळलात.
हत्ती परवडतो हो,
हप्ता नाही परवडत.

आणि कुणीतरी म्हणतंच,
तुम्ही दोघी एकदमच रिटायर होणार!
मी हसते, पण ती तुलना नको.
माझा गुडघा कुर्ल्याला मिळत नाही.
गाडी म्हातारी होत नाही, झिजते,
आणि झिजणं मिलिमीटरमध्ये मोजता येतं;
झिजलेलं काढून हातात देतात
कालच्या पेपरात गुंडाळून,
आपण ते उगाच आठवडाभर गॅलरीत ठेवतो.

पंधरा वर्षं भरली तेव्हा वडाळ्याचं आरटीओ.
पास्कल इस्त्रीचा शर्ट घालून आला.
इन्स्पेक्टरने वायपर लावून पाहिले,
हॉर्न दाबला (सर्दी झाल्यासारखा वाजतो, पण वाजतो),
चेसिसवरचा नंबर अंगठ्याने पुसून
पेन्सिलने कागदावर उठवून घेतला.
मी पर्यावरण कर भरला.
पाच वर्षं मिळाली.
या वेळी कुणी पुस्तिका दिली नाही,
की बिघडलं तर आम्ही आहोत, अटी लागू.

येताना डावी काच खडखडायला लागली.
पास्कलने समोरचा कप्पा उघडला,
जुनी वॉरंटी काढली, गुळगुळीत, अजून नवी,
तिचं मुखपृष्ठ फाडून चौघडी केली
आणि काच न् रबराच्या मध्ये दाबून बसवली.
आवाज बंद.

आणिक आगाराच्या वळणापर्यंत.
मग खालून कुठून तरी,
बारीक, दुसराच.

दोघांनी एकदम मान वाकडी केली.